घरचा खांदा

"सब ठीक?"

रोज सकाळी फाटकापाशी येऊन, आधी डावीकडे, मग उजवीकडे बघून, घसा खाकरून आमचे फौजेतले हवालदार हा प्रश्न विचारायचे. समोर मी असेन, दूध घालणारी बाई असेल, नाहीतर कोणाची तरी चरायला सुटलेली म्हैस असेल. प्रश्न तोच. नुसतं "हो" म्हणून भागायचं नाही. "हो म्हणजे काय काय ठीक?" असं पुढचं यायचं. मग पोरांच्या तब्येती, विहिरीचं पाणी, रिक्षाचा ब्रेक, असा सगळा पाढा वाचून झाला की "शाबाश" म्हणून ते आत जायचे. म्हशीला तेवढं पहिल्या प्रश्नावर सोडायचे.

अशी माणसं तुमच्याही वाडीत असतील. सकाळी सकाळी डोकं खातात, आणि एखादा दिवस दिसली नाहीत की आपणच गडग्यावरून मान उंचावून बघतो. आमच्या दोघांच्या परड्यांमध्ये जांभ्या दगडाची बुटकी भिंत, म्हणजे गडगा, आहे. त्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते. माझी रिक्षा पावस ते रत्नागिरी चालते. ते मला नावाने कधी हाक मारायचे नाहीत. फौजेत गाडी चालवणारा तो ड्रायव्हर, म्हणून मीही ड्रायव्हर. रिक्षात बसण्याआधी ते तिन्ही चाकांना बुटाने टोचून बघायचे आणि मग मला परवानगी द्यायचे. माझी रिक्षा, माझं पेट्रोल, आणि परवानगी यांची. मी मुळात तोंडाचा फटकळ. एकदा म्हटलं, "हवालदार, ही काय रणगाड्यांची तुकडी आहे काय?" ते शांतपणे म्हणाले, "रणगाड्यात मी एकटा बसलो असतो. हिच्यात माझी बायको बसते."

मी उतरून चाकं तपासून घेतली.

रिटायर होऊन घरी आले त्या आठवड्यातच त्यांनी जाहीर केलं की आजपासून वहिनीही रिटायर. एवढी वर्षं तिने घर एकटीने सांभाळलं, शेती केली, मुलगी वाढवली, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. आता स्वयंपाकघराचा चार्ज आपल्याकडे. वहिनींना कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं. त्यात त्रिफळं घालायची राहिली आणि मीठ दोनदा पडलं. वहिनींनी एक घास खाल्ला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माझी रिटायरमेंट रद्द करा." त्या दिवसापासून तह झाला. सकाळचा चहा, भांडी आणि केरवारे त्यांच्याकडे, चूल वहिनींकडे. अंथरुणाच्या चादरी ते इतक्या ताणून खोचायचे की आत शिरायला माणसाला झटापट करावी लागायची. लग्न होऊन गुहागरला गेलेली मुलगी माहेरी आली की पहिल्यांदा सगळ्या चादरी ओढून ढिल्या करायची. ते पुन्हा खोचायचे. बापलेकीचं प्रेम असं चालायचं.

आंब्याच्या दिवसात तर बघायला नको. माळ्यावर पेंढ्यात आढी घातली की रोज दोन वेळा वर चढून एकेक आंबा हातात घेऊन परतायचे. गुहागरला पेटी जायची ती मीच स्टँडवर नेऊन एसटीत चढवायचो. पेटीत आंबे असे ओळीत लावलेले असायचे की उचलायला जीव व्हायचा नाही. मुलगी फोनवर सांगायची, "बाबा, आंबे चांगले होते." हे विचारायचे, "किती चांगले? वरच्या ओळीतले की खालच्या?" ती बिचारी पुन्हा पेटी उघडून बघायची.

असा सगळा आनंदी कारभार. पण मला सांगायचं आहे ते शिमग्याचं.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईला गेलेला माणूस एक वेळ बाकीच्या सणांना येणार नाही, पण पालखी दारात येते त्या दिवशी घर बंद ठेवणार नाही. ढोल-ताशे वाजतात, पालखी अंगणात नाचते, मग पाटावर बसते, घरची बाई ओटी भरते, गुरव गाऱ्हाणं घालतात. आणि आमच्या वाडीची एक रीत आहे. ज्याच्या अंगणात पालखी नाचते, त्या घरातल्या एका माणसाने दांड्याला खांदा द्यायचा. दुसऱ्या टोकाला कोणीही चालेल. पण एक खांदा घरचा हवा.

हवालदार फौजेत होते तेवढी वर्षं त्यांच्या अंगणात घरचा खांदा लागला नाही. त्यांना भाऊ नाही. वडील वयाने थकलेले. रजा मिळायची ती कधी पावसात लावणीला, कधी थंडीत. शिमग्याला कधी नाही. वहिनी ओटीचं ताट घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि आम्ही शेजारपाजारचे दोघे पालखी नाचवायचो. मीच कितीतरी वेळा नाचवली. घरचा खांदा कोण, असं मानकऱ्यांनी विचारलं की वहिनी खालमानेने म्हणायच्या, "ड्युटीवर आहेत."

रिटायर झाल्यावरच्या पहिल्या शिमग्याला साहजिकच सगळी वाडी त्यांच्या अंगणात जमली. हवालदारांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पुढच्या दांड्याला ते, मागे मी. ढोल घुमायला लागले. आणि काय सांगू तुम्हाला, हा माणूस संचलन करायला लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. पालखी नाचवताना गुडघे सैल सोडायचे असतात, अंग झोकून द्यायचं असतं, ढोल वळेल तिकडे वळायचं असतं. हे ताठ. वळायची वेळ आली तेव्हा त्यांनी जागच्या जागी टाच वाजवून असा काही पवित्रा बदलला की दांड्याचं मागचं टोक मला घेऊन थेट शेणखताच्या ढिगाकडे निघालं. चार जणांनी पालखी सावरली. मला कोणी सावरलं नाही. मी खतात बसलो.

मानकरी वयस्कर आणि शहाणे. त्यांनी हवालदारांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचा खांदा लागला, मान झाला. आता पोरांना नाचवू दे." पुढच्या वर्षापासून असंच व्हायला लागलं. हवालदार दांड्याला नुसता खांदा टेकवायचे आणि बाजूला व्हायचे. "आपलं ते काम नाही," असं हसून म्हणायचे. वहिनी तेवढ्यात ओटीच्या ताटातला नारळ उगाच सारखा करायच्या.

मग एकदा त्यांचा फौजेतला एक सोबती आला. उत्तरेकडचा कुठला तरी. समुद्र बघायचा म्हणून बायकोला घेऊन आला होता. मीच त्यांना किल्ला, भाट्याचा किनारा सगळं फिरवून आणलं. दुपारी जेवायला सगळे ओटीवर बसलो होतो. तो माणूस मोकळ्या मनाचा. वहिनींना म्हणाला, "भाभीजी, आमचे हवालदारसाहेब म्हणजे देवमाणूस. दरवर्षी होळीला यांच्या रजेचा नंबर लागायचा आणि दरवर्षी हे आम्हा पोरांपैकी कोणाला तरी घरी पाठवायचे. माझ्या मुलाची पहिली होळी मी यांच्यामुळे बघितली."

हवालदारांनी ताटातला भात कालवायला घेतला होता, तो कालवतच राहिले. वहिनींनी पाहुण्याला आग्रह करून आणखी सोलकढी वाढली. हसून वाढली. त्यांचा चेहरा बघून मी मात्र पाहुण्यांना स्टेशनची घाई केली.

पाहुण्यांना स्टेशनवर सोडून परत आलो तर दोघं अंगणात. वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"तुम्ही म्हणायचात रजा मंजूर होत नाय."

"अगो, ती पोरं लहान होती. घरापासून पहिल्यांदाच लांब."

"मी म्हातारी होते काय? आपलं पोर लहान नव्हतं काय?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही चांगलंच केलंत. मी नाय म्हणत नाय. पण मला सांगायचं तरी. मी माझ्या दारात उभी राहून देवीकडे मागत होते, पुढच्या वर्षी यांना रजा मिळू दे. आणि ती तुमच्या हातात होती."

कपडे घेऊन त्या आत गेल्या. हवालदार अंगणात तसेच उभे. लढाई बघितलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. मला दया आली आणि रागही आला. म्हटलं, "हवालदार, तुम्ही चक्रम आहात." त्यावर त्यांनी मान डोलावली. एरवी मला फाटकाबाहेर काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी "सब ठीक?" आलंच नाही. थोड्या वेळाने गडग्यावर डोकं दिसलं.

"ड्रायव्हर, मला पालखी नाचवायला शिकव."

"मी? एकदा खतात बसून झालंय माझं."

"ऑर्डर नाही ही. विनंती आहे."

या माणसाच्या तोंडून विनंती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नाही म्हणायची सोय राहिली नाही.

आंबे काढायची बांबूची शिडी आम्ही पालखी म्हणून घेतली. पुढे ते, मागे मी, आणि मधल्या पायरीला नारळ भरलेलं पोतं बांधलेलं. ढोल तोंडाने मी वाजवायचा. शिमग्याला अजून अवकाश होता, त्यामुळे येणारे-जाणारे रस्त्यावर थांबून बघायचे. भर दिवसा दोन प्रौढ पुरुष नारळांचं पोतं नाचवताहेत म्हणून माझ्या बायकोने गडग्यापलीकडून मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आणि इतकं करून प्रगती शून्य. मी "सैल सोडा" म्हटलं की ते खांदे सैल सोडायचे आणि गुडघे ताठ करायचे. गुडघे सैल केले की मान ताठ. शरीरातलं काहीतरी एक त्यांना सावधान ठेवावंच लागायचं. त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले.

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या, दिसायचं. घरात बोलणं कामापुरतं होतं. चहा घ्या, जेवायला या, एवढंच. हवालदार रोज चहा करायचे, रोज जास्त साखर घालायचे, आणि वहिनी तो मुकाट्याने प्यायच्या.

एक दिवस ते वळताना असे काही आपटले की शिडी एकीकडे, पोतं एकीकडे आणि नारळ सगळ्या परड्यात. खिडकीतून हसू आलं. आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं. वहिनी हसत हसत बाहेर आल्या, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "भावोजी, सरका. तुम्ही पण चुकीचंच शिकवताय."

मी? वाडीत नाव आहे माझं.

"तुम्ही पाय बघताय यांचे," वहिनी म्हणाल्या. "पालखी पायांनी नाय नाचत. ती खांद्यावर ऐकायची असते. मागचा माणूस कुठे झुकतो ते दांडा सांगतो. एवढी वर्षं दारात उभी राहून बघतेय मी, मला कोण सांगणार?"

त्यांनी शिडीचं मागचं टोक खांद्यावर घेतलं. मी ढोल धरला, म्हणजे तोंडाने. आणि देवाशपथ सांगतो, ती बाई अशी झुकली, अशी फिरली, की पुढचा तो ताठ माणूस तिच्या मागोमाग वळायला लागला. पहिल्या दिवशी थोडा. दोन-चार दिवसांत चांगलाच. "डोळे मिटा," त्या म्हणायच्या. ते मिटायचे. "आता मी कुठे आहे?" "डावीकडे." "मग तुम्ही कुठे जाणार?" "तू जाशील तिकडे." हे ऐकून मी ढोल वाजवायचा थांबलो, तर दोघंही माझ्यावर खेकसले. घरातली बोलाचाली कधी सुरू झाली ते मला कळलं नाही. चहातली साखर मात्र कमी झाली, एवढं हवालदारांनी सांगितलं.

त्या शिमग्याला हवालदारांनी आपल्या अंगणात पालखी नाचवली. खरीखुरी. मागे मी होतो, त्यांचा खांदा माझं ऐकत होता. ढोलवाल्यांना आधी विश्वासच बसेना, मग तेही पेटले. मानकरी बाजूला व्हायला सांगायचे विसरले. घामाने सदरा चिंब झाला तरी हवालदार सोडेनात. दारात वहिनी ताट घेऊन उभ्या. ओटी भरताना त्यांच्या तोंडभर हसू होतं. मग किती तरी शिमगे असेच गेले. वाडीत आमची जोडी ठरून गेली. पुढे ते, मागे मी.

मग हृदयाचं दुखणं निघालं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली. माळ्यावरच्या आढीपाशी वहिनी जायला लागल्या आणि हे खालून विचारायचे, "सब ठीक?" शिमगा जवळ आला तसे ते एक दिवस माझ्या रिक्षात बसून मानकऱ्यांकडे गेले. चाकं तपासली नाहीत, इतके घाईत होते.

"यंदा आमच्या घरचा खांदा ती देईल," ते म्हणाले.

मानकरी गोंधळले. "पलीकडच्या गावांत बायका नाचवतात, ऐकलंय मी. पण आपल्याकडे आजवर कोणी..."

"घरचा खांदा म्हणता ना? घर चालवलं कोणी? मी तर रजेवर येणारा पाहुणा होतो."

मानकऱ्यांनी गुरवांकडे बघितलं. गुरव पान लावत बसले होते. त्यांनी शांतपणे पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "आत बसलेली देवी बाईमाणूसच आहे. तिला काय अडचण असणार?" झालं. विषय तिथेच मिटला.

त्या वर्षी वहिनी पुढच्या दांड्याला, मागे मी, आणि दारात ओटीचं ताट घेऊन हवालदार. बायकांनी ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण ते ताट सोडेनात. वहिनी नाचल्या. सगळी वाडी शिट्ट्या वाजवत होती, माझी बायको सगळ्यांत पुढे. पालखी पाटावर बसली तेव्हा वहिनी धापा टाकत दाराशी आल्या. हवालदारांचे डोळे भरले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "अगो, इथे उभं राहून ताट धरणं फार जड असतं. तू हे इतकी वर्षं एकटीने केलंस?"

"आता कळलं ना," वहिनी म्हणाल्या. "मग झालं." आणि त्यांनी त्यांच्या हातातलं ताट घेतलं.

त्या पावसाळ्यात हवालदार गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्रास कसला नाही. मी गडग्यावरून उडी मारून गेलो तेव्हा चादर नीट खोचलेली होती. मी रडलो, लाज कसली त्यात.

यंदाच्या शिमग्याला गुहागरहून मुलगी आली. ओटीचं ताट तिने धरलं. पालखी अंगणात आली, ढोल घुमायला लागले, मागच्या दांड्याला मी ठरलेला. पुढचं टोक एका तरुणाने तात्पुरतं धरलं होतं. वहिनी आत, स्वयंपाकघरात. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "यंदा राहू दे तिला. वर्षाच्या आत बाईने असं बाहेर येऊन नाचायचं, बरं दिसत नाय." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. मानकरी उगाच पागोटं नीट करत राहिले. मला इतका संताप आला की दांडा खाली ठेवून भांडायलाच निघालो होतो. तुम्हाला सांगितलं ना, मी तोंडाचा फटकळ.

गरज पडली नाही. वहिनी आतून आल्या. पदर कमरेला खोचलेला, केस घट्ट बांधलेले. कोणाकडे बघितलं नाही, कोणाला विचारलं नाही. त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि दांडा घेतला. गुरवांनी ढोलवाल्यांना खूण केली.

मग ती बाई जी नाचली! त्या झुकल्या की मी झुकायचं, त्या फिरल्या की मी फिरायचं, दुसरा इलाजच नव्हता. दारात मुलगी ताट छातीशी धरून रडत होती आणि हसत होती. थोड्या वेळाने तीच मघाची म्हातारी टाळ्या वाजवताना दिसली. माझा जीव मेटाकुटीला आला. वयही झालं आता. मी मागून ओरडलो, "वहिनी, बस करू या काय?"

त्या मान न वळवता म्हणाल्या, "दमलात तर दुसऱ्याला द्या, भावोजी. माझ्या अंगणातून पालखी एवढ्यात जात नाय."